मुदतीचा ताप आणि मूठभर कोंडा

मुदतीच्या तापातून उठलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात: औषध कोणाचे होते आणि पथ्य काय होते. दोन्हींची उत्तरे देऊन मी कंटाळलो आहे. औषध असे काही नसतेच. ताप आपली मुदत भरली की जातो, नाहीतर माणसाला घेऊन जातो. पथ्य म्हणजे उपास. आज ज्यांच्या घरी कोणी या तापाने पडले असेल, त्यांना मी एवढेच सांगू शकतो की उशाशी कोण बसते यावर पुष्कळ अवलंबून असते. माझ्या उशाशी जी बाई बसली होती, तिची ही हकीकत. या हकीकतीत मीही आहे, पण बहुतेक वेळ आडवा.

*

मी सोलापुरात एका छापखान्यात प्रुफे तपासतो. लग्नपत्रिका, गिरण्यांच्या नोटिसा आणि मुख्यतः मानपत्रे. शहरात कोणी रावसाहेब झाला, कोणाची बदली झाली, किंवा होता होता राहिली, की मानपत्र निघते. 'लोकोत्तर' हा शब्द आमच्याकडे इतका लागतो की जुळाऱ्याने तो बांधूनच ठेवला आहे. त्याचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, सोडून परत खणात घालण्याचे कष्ट तो घेत नाही.

चैत्रात डोके दुखू लागले. आधी मी ते विशेषणांमुळे असेल म्हणून सोडून दिले. मग ताप आला तो उतरेचना. एके दुपारी मी ओल्या प्रुफावरच कपाळ टेकून पडलो, तेव्हा मालकांनी डॉक्टर आणला. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबले आणि चष्मा काढून पुसला. डॉक्टर चष्मा पुसू लागला की समजावे.

"मुदतीचा दिसतो," ते म्हणाले. "खोलीत एकटं ठेवून चालणार नाही. घरचं कोण आहे तुमच्या?"

या प्रश्नाला मी जन्मभर निरनिराळी उत्तरे देत आलो. त्या दिवशी खोटे बोलण्याइतकी ताकद नव्हती.

"मोडनिंबला एक धनगर जोडपं आहे."

"तुम्ही धनगर?"

"नाही."

"मग ते तुमचे कोण?"

"त्यांनी मला विकत घेतलं आहे."

डॉक्टरांनी मालकांकडे पाहिले. "वात झालेला दिसतो. आजच दवाखान्यात हलवा."

*

वात नव्हता. माझ्या आधीची माझ्या आईची मुले जगली नाहीत. म्हणून मी जन्मताच सुपात घालून मला उकिरड्यावर ठेवले, आणि कुंपणापलीकडे मेंढरे बसवलेल्या आवडा धनगरणीने मूठभर कोंडा देऊन मला विकत घेतले. तिच्या हातची कोकरे मरत नसत, या लायकीवर तिची निवड झाली होती. पुढे टपालमास्तरांच्या बायकोने, म्हणजे माझ्या आईने, धनगराचे पोर म्हणून मला दूध पाजले. पोर न्यायला येणाऱ्या काळाने दारात चौकशी केली तर त्याला सांगायचे, की इथे आमचे कोणी नाही; हा कोंड्याच्या मोलाचा कोणाचा तरी कोंडिबा आहे. आमच्या भागात असे कोंडिबा, धोंडिबा, केरबा पुष्कळ सापडतील. मोठेपणी ते सगळे आपापल्या आईबापांचेच असतात.

माझे तसे झाले नाही. प्लेगच्या साथीत टपालमास्तर आणि त्यांची बायको आठवड्याच्या आत गेली. काका आले, हंडे-घागरी बैलगाडीत भरून घेतल्या. गावच्या मंडळींनी माझ्याकडे बोट दाखवले तेव्हा ते म्हणाले, "तो तर विकलेला आहे. व्यवहार तो व्यवहार." काका कायद्याला पक्के होते.

आवडा तिथेच उभी होती. ती म्हणाली, "व्हय की. म्या इकत घेतलाय." आणि तिने मला काखेत घेतले. तिथे जमलेल्या एवढ्या लोकांत तो व्यवहार खरा मानणारी ती एकटीच होती.

तिने आणि तिच्या नवऱ्याने, बिरूआबाने, मला वाढवले, शिकायला सोलापुरात ठेवले. तिला मी आये म्हणे. तिने माझे कौतुक कधीही केले नाही. मी परीक्षेत पहिला आलो तेव्हा ती म्हणाली, "मास्तराला डोळं न्हाईत वाटतं." कोणी मला गोरा, हुशार किंवा धट्टाकट्टा म्हटले की ती लगेच म्हणे, "कुटला! कोंडा हाय निस्ता." मला लहानपणी याचा राग येई. पुढे समजले की ती पहारा देत होती.

माझे लग्न मात्र जमले नाही. जन्माच्या जातीत मला धनगराचा म्हणतात, आणि धनगरांत टपालमास्तरांचा.

*

निरोप मिळताच आये पहिल्या मोटारीने आली. आबा मेंढरे घेऊन भीमेकाठी गेला होता. सिस्टरबाईंनी तिला दारात अडवून नाते विचारले.

"म्या इकत घेतलाय त्येला."

सिस्टरबाईंनी पोलीस बोलावण्याची भाषा केली. शेवटी आया नरसव्वा मध्ये पडली. ती विणकरांच्या घरची, तेलुगू बोलणारी, वॉर्डाची लादी पुसणारी. तिने सिस्टरबाईंना तो रिवाज समजावला. "आमच्यात पण हाय बाई. आमी पेंटय्या म्हणतो. पेंट म्हंजे उकिरडा." सिस्टरबाईंनी कपाळाला हात लावला आणि आयेला आत सोडले.

मग ते दिवस सुरू झाले. पत्र्याखाली सोलापूरचा उन्हाळा. गिरणीचा भोंगा झाला की अंग पुसायचे, दुसरा झाला की दुधाची निवळ, तिसरा झाला की काहीच नाही. डोक्यावर बर्फाची पिशवी असे, आणि आणलेला बर्फ खाटेपर्यंत पोचेतो अर्धा झालेला असे. तापाने जीभ लाकडासारखी झाली होती. पण खरा छळ भुकेचा. समोरच्या खाटेवर गिरणीतला एक जवान गडी होता. त्याच्या बायकोला त्याचे हाल बघवेनात. तिने पदराआड लपवून त्याला ज्वारीची भाकरी आणि पिठले भरवले. किती समाधानाने जेवला तो! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाट रिकामी होती. डॉक्टर म्हणाले, आतडे फाटले. त्या बाईचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आणि तरीही मी मागितली.

"आये, एक घास दे."

"न्हाय."

"मरतोय मी."

"मर. पर भाकर न्हाय मिळायची."

ती पंखा हलवत होती. दिवस दिवस हलवत होती. तिचे डोळे आत गेले होते, आंघोळीला जायला तिला उसंत नव्हती. छापखान्यातली मंडळी दारातून डोकावून, नाकाला रुमाल लावून 'लवकर बरे व्हा' म्हणून जात. कोणी आत येऊन 'आवडाबाई, तुम्ही तासभर आडव्या व्हा, मी बसतो' असे म्हणाले नाही. नरसव्वा अधूनमधून तिच्यापुढे चहाचा पेला ठेवी. तेवढेच.

*

अशात एक दिवस वॉर्डात पागोटी शिरली.

दुसऱ्याची पोरे सांभाळणाऱ्यांचा सत्कार करावा म्हणून शहरात एक मंडळ निघाले होते, आणि आमच्या मालकांनी तिथे आयेचे नाव सांगितले होते. अध्यक्ष एक रावसाहेब होते. हेतू चांगला होता, हे मी आज प्रामाणिकपणे म्हणतो. नाट्यगृहात समारंभ होता, कलेक्टरसाहेब येणार होते, आयेने व्यासपीठावर बसायचे होते.

"म्या आले तर ह्येच्यापाशी कोन बसंल?" आयेने विचारले. "तुमच्यातलं कुनी बसतंय का येळभर?"

मंडळाने एकमेकांकडे पाहिले. एकजण म्हणाला, तशी तरतूद मंडळाच्या नियमांत नाही.

मग ठरले की सत्कार इथेच उरकावा. मला एक नारळ दिला. निवळीवाचून दुसरे काही पोटात जाऊ नये अशा माणसाला. आयेच्या खांद्यावर चैत्रातल्या दुपारी लोकरी शाल घातली. आणि रावसाहेबांनी मानपत्र वाचले. तापातही मला आमचे खिळे ओळखू आले. 'लोकोत्तर' पहिल्याच ओळीत होते. परलोकवासी टपालमास्तरांचा कुलदीपक, अनमोल रत्न, माउलीने पोटच्या गोळ्यासारखे जपले, असे बरेच काही. एवढी विशेषणे माणूस मेल्यावरच लागतात, त्यामुळे मी क्षणभर घाबरलो.

आयेला त्यातले अक्षर समजले नाही. तिने विचारले, "काय म्हनलं त्ये?"

रावसाहेबांना सोपे बोलता येई, हे त्यांच्याबद्दल चांगले म्हणायला हवे. ते मोठ्याने, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे म्हणाले, "म्हणालो, हा टपालमास्तरांचा मुलगा! हिरा आहे, हिरा! आणि तुम्ही त्याच्या खऱ्या आई!"

आयेचा चेहरा पांढरा पडला. "वरडू नगा की," ती म्हणाली. "हळू. अवं हळू बोला."

त्यांना तो विनय वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ते गेल्यावर तिने शाल बादलीत बुडवली, पिळून माझ्या अंगावर पसरली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मंडळाच्या हातून मला झालेला तो एक उपयोग.

*

दुसऱ्या दिवशी पोटात रक्तस्राव झाला. अंग एकदम गार पडले, भिंती लांब गेल्या. डॉक्टरांनी आयेला व्हरांड्यात नेले. मला त्यांचे शब्द ऐकू आले नाहीत. फक्त चष्मा पुसताना दिसले.

ती परत आली ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. उशाशी आली नाही.

"कोंड्या, त्येला ठावं झालं."

"कोणाला?"

तिने नाव घेतले नाही. "इतकी वर्सं दडवून ठिवला. काल त्या पागोट्यावाल्यानं वरडून सांगितलं न्हवं का. कुनाचा हाय, काय मोलाचा हाय, समदं."

मी जे थोडे बळ होते ते खर्चून तिला समजावले, की हा रोग पाण्यातून येतो, त्याचे जंतू असतात, ते पागोट्यावाल्याच्या आधीच माझ्या पोटात होते. तिने सगळे ऐकून घेतले.

"असत्याल की जंतू," ती म्हणाली. "पर त्यास्नी बी कुनीतरी पत्ता सांगितलाच असंल."



मग ती नरसव्वाकडे गेली. नरसव्वाचे सगळे मुलगे जिवंत होते, गिरणीत कामाला होते. दोघी दारात काहीतरी बोलल्या. नरसव्वा बाहेर गेली आणि मूठ मिटून परत आली. फाटकाशी टांगे उभे असत. एका घोड्याच्या तोबऱ्यातला कोंडा तिने मागून आणला होता.

नरसव्वा खाटेशी आली, मला वरपासून खालपर्यंत पाहिले. रिवाजच आहे, घेणाऱ्याने नाक मुरडायचे.

"अय्यो, ह्यो पोरगा हाय का काडी? कोण घेणार ह्याला?"

"घे की माय," आये म्हणाली. "कशाचाच न्हाय बग. आळशी हाय. खायाला काळ हाय. मला नगं झालाय."

"मूठभर देते. जास्त न्हाय देणार."

"तेवडा बी जास्तच हाय."

नरसव्वाने तिच्या ओंजळीत कोंडा ओतला. आयेने तो पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधला. मग माझ्याकडे न बघता, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे, काल रावसाहेब बोलले त्याहून मोठ्याने ती म्हणाली, "आजपासनं ह्यो माजा कोन न्हाय!" आणि चालती झाली.

सिस्टरबाई धावत आल्या. "काय चाललंय इथे?"

"काय न्हाय बाई. ह्यो माझा पोरगा हाय."

"केव्हापासून?"

"आत्ता झाला."

*

या ठिकाणी हसू येते हे मला माहीत आहे. मलाही आता येते. त्या दिवशी आले नाही.

मी चार पुस्तके वाचलेला माणूस. देवदेवस्की, अंगारे-धुपारे यांवर छापखान्यात बसून टीका करणारा. मला पक्के ठाऊक होते की हा खुळा समज आहे, ती प्रेमापोटी गेली आहे. आणि ती दारातून बाहेर पडताच माझ्या आत जे झाले त्याला या माहितीचा काडीइतका आधार नव्हता. मी पोरका झालो. पहिल्या वेळी, प्लेगात, माझे समजण्याचे वय नव्हते. ते सगळे आता व्याजासकट आले.

खिडकीतून बाहेरचा लिंब दिसे. ती त्याच्याखाली बसली होती, दवाखान्याकडे पाठ करून. मी 'आये' म्हणून हाक मारली. पाठ हलली नाही. पुन्हा मारली. घशातून आवाज निघेना तेव्हा मी पत्र्याचा पेला खाटेच्या दांडीवर आपटला. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून कान झाकले.

नरसव्वाला सगळा वॉर्ड पुसायचा होता. ती येई, बर्फ ठेवी, "पेंटय्या, गप पड" म्हणे आणि पुढच्या खाटेकडे जाई. पंखा थांबला होता. माशा तोंडावर बसत, त्या उडवायला हात उचलत नसे. मला वाटे, रक्त पुन्हा यावे आणि एकदाचे संपावे. निदान मेल्यावर तरी ती आत येईल. मग वाटे, मेल्यावरही ती येणार नाही, कारण मेलेला नरसव्वाचा असेल. त्या विचाराने मी उशीत तोंड घालून ओरडलो. मरणाची भीती मला त्याआधी वाटत होतीच. पण कोणाचाही नसताना मरण्याची भीती निराळी. तिला तळ नाही.

मग आबा आला. भीमेकाठाहून चालत, पायांवर धूळ घेऊन. लिंबाखाली तो आयेपाशी थोडा वेळ बसला. मग आत आला, माझ्याकडे नुसता बघून नरसव्वाकडे वळला.

"बाई, तुमचं पोरगं कसं हाय?"

"ताप हाय अजून. रगत न्हाय आलं आज."

"मुतला का?"

"मुतला."

आबा बाहेर गेला. मी खिडकीतून बघत होतो. त्याने वाकून तिला सांगितले. तिचा हात पदराच्या गाठीवर गेला आणि तिथेच राहिला. थोड्या वेळाने तो पुन्हा आत आला. "बाई, तुमच्या पोराला वठ सुकल्यात तर वल्या फडक्यानं टिपा, असं बाहेर येक बाई म्हनतीया."

असे ते रोज चालले. ती उन्हात तिथेच बसून राही. सावली सरकली की आबा तिला सरकायला सांगे.

*

ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, मुदत भरली. मी डॉक्टरांच्या बाजूचा आहे आणि तसाच राहीन.

उभे राहता येऊ लागल्यावर मी नरसव्वाच्या खांद्यावर हात टाकून लिंबापर्यंत गेलो. आये गडबडीने उठली, परक्या पुरुषासमोर घेतात तसा पदर डोक्यावरून घेतला.

"बरं हाय का तुमाला?"

"आये, झालो की बरा. आता पुरे."

"कुनाची आय? तुमची आय ही हुबी हाय की, हिच्याच खांद्यावर हात हाय."

"ताप गेला, आये!"

ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "गेला म्हंजी लांब गेला, कशावरनं? फाटकापाशी बसला असंल." त्याच दिवशी ती मोडनिंबच्या मोटारीत बसली.

मी रागावलो, तिला डॉक्टरांची शपथ घालायचा बेत केला. मग एक गोष्ट ध्यानात आली. पहिली विक्री सगळ्यांनी खेळ मानली, तिने एकटीने खरी मानली, म्हणून मी जिवंत आहे. आता दुसरी विक्री तिने खेळ मानावी असे कोणत्या तोंडाने म्हणू?

दिवाळीत मी मोडनिंबला गेलो. मला पाट मांडला. पितळेच्या ताटात वाढले. आयेने आबाला सांगितले, "पावन्यास्नी इचारा, दूध घेत्यात का." त्या घरात मी कधी ताटात जेवलो नव्हतो.

दोघेही थकलेले दिसले. आबाचा गुडघा सुजला होता, मेंढरांच्या वाड्यातल्या लेंड्या दोन दिवस तशाच पडल्या होत्या. हाताखालचा गडी सोडून गेला होता. पाहुण्याने लेंड्या भरणे शोभत नाही, म्हणून मला बसवून ठेवले होते. मी बाहेर आलो.

"आबा, गडी पायजे का?"

आबाने आयेकडे पाहिले. ती चुलीपुढे होती, हात थांबला.

"कंदी कंदी येनार गडी?" तिने चुलीकडेच बघत विचारले.

"रविवारी. आणि सुटीत."

"आन् मजुरी?"

"मूठभर कोंडा," मी म्हणालो.

ती झटक्याने वळली. क्षणभर मला वाटले ती देणार. तिच्या पदराला ती गाठ अजून होती, मळलेली. हात तिच्यावर गेला. मग तिने हात मागे घेतला.

"आमच्यात गड्याला कोंडा न्हाय देत," ती म्हणाली. "भाकर देत्यात."

मी धोतर खोचले आणि पाटी उचलली.

गेले वर्षभर मी तिथे गडी आहे. पाणी भरतो, आबाचा गुडघा शेकतो, मेंढरे हाकतो आणि तिला उन्हात बसू देत नाही. नरसव्वा दर सणाला मला हक्काने बोलावते आणि मी मुलासारखा जातो. कोणाला अशा पालकांसाठी काही करायचे असेल तर शाल आणू नका. एखाद्या दुपारी जा आणि त्यांचा पंखा हातात घ्या. आणि त्यांच्या पोराला त्यांच्या दारात उभे राहून हिरा म्हणू नका.

हे छापायला देताना मी गाव आणि नावे बदलली आहेत. तिच्या पहाऱ्यात माझ्या हातून फट पडू नये. म्हणून इथेही स्पष्ट लिहितो: ती बाई माझी कोणी नाही. मी नरसव्वाचा.

पाहुण्याला 'तुमी' म्हणावे लागते, गड्याला तसे काही नसते. परवा मी वाडा झाडून आलो तर ती चुलीपासून ओरडली, "ए गड्या, कवाची हाक मारतीया! हात धू मेल्या, भाकर निवतीया."